चुन्याची डबी

“हे समदं पाणीच हाय व्हय?” सिद्धम्मानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती वाळूत बसली.

तिचा नवरा बंडप्पा शेजारी उभा होता. त्यानं आजवर पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल. पावसाळ्यात बोरी नदी तिथल्या बांधावरून उडी घेते ते बघायला अर्धं जळकोट बैलगाड्या जुंपून जायचं, आणि परत आल्यावर आठ दिवस गावाला दुसरा विषय नसायचा. इथं तर पाण्याला पलीकडचा काठच नव्हता. लांबवर ते आभाळाला टेकलं होतं आणि तरी थांबल्यासारखं दिसत नव्हतं. बंडप्पानं वहाणा काढून बाजूला ठेवल्या. देवळात आल्यासारखं त्याला झालं, पण हात नेमके कुणाला जोडायचे ते कळेना, म्हणून तो तसाच उभा राहिला.

सिद्धम्मा गप्प बसली असं जळकोटात जाऊन सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं. बंडप्पाचा तेलाचा घाणा होता. गावात म्हणायचे, घाणा बैल ओढतो, दुकान सिद्धम्माची जीभ ओढते, आणि बंडप्पा मधल्या मधे पेंड गोळा करतो. तेलाचं माप ती काठोकाठ भरून द्यायची आणि वर चार शब्द फुकट घालायची. गिऱ्हाईक तेलासाठी येत होतं की त्या चार शब्दांसाठी, हे कुणी कधी नीट ठरवलं नाही. तोंडानं फाटकी, मापानं पक्की, असा तिचा लौकिक होता.

त्यांना एकच मुलगा, सोमलिंग. घाण्याभोवती बैलामागून फिरून कंटाळला आणि सोलापूरला गिरणीत गेला. सोलापूर इंग्रजी मुलखात, तिथं लढाईची भरती चालू होती. लढाई इंग्रजाची, आपण निजामाची रयत, जर्मनानं जळकोटाचं काय घोडं मारलंय, असं सिद्धम्मा म्हणाली. तोवर पोरगा तोफखान्यात दाखल होऊन तेलगू मुलखात, बेजवाड्याच्याही पुढच्या या बंदरावर येऊन पोचला होता. माझ्याकडं तोफेला तेल घालायचं काम आहे, असं त्यानं कुणाकडून तरी लिहून कळवलं. बंडप्पा तेव्हा मनापासून हसला होता. तेल्याचं पोर कुठंही गेलं तरी तेलातच राहिलं.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात जपानची विमानं आली. धक्क्याजवळचा तोफेचा ओटा भिंतीसकट समुद्रात गेला. गावात तार आली ती शाळेच्या मास्तरांनी वाचली, दोनदा वाचली, आणि मग घडी घालून बंडप्पाच्या हातात दिली. देह मिळाला नाही.

लिंगायताच्या घरी लेकरू जन्मलं की स्वामी येऊन त्याच्यासाठी लिंग देतात. ते पुढं जन्मभर चांदीच्या डबीत छातीवर असतं आणि माणसाबरोबरच मातीत जातं. मध्ये ते अंगावेगळं होत नाही. पोरगा गेल्याचं दुःख तर होतंच, पण सिद्धम्माला आतून कुरतडत होतं ते वेगळंच. पलटणीत गळ्यातलं सगळं काढून ठेवायला लावतात असं तिनं ऐकलं होतं. सोमलिंगाचंही काढून घेतलं असेल का? त्या घडीला त्याच्या अंगावर लिंग होतं की नव्हतं? पोर लिंगाविना गेलं असेल, तर ते शिवाला मिळालं असं कसं म्हणायचं? हा प्रश्न ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिपायाला विचारी, आणि कुणाचं उत्तर कुणाशी जुळत नसे.

शेताच्या कोपऱ्यात बंडप्पानं समाधीचा खड्डा खणला होता. मठातल्या स्वामींनी खड्ड्याकडं पाहिलं आणि म्हणाले, देह नाही, निदान लिंग तरी हवं, नुसत्या मातीला काय द्यायचं. म्हणून खड्डा तसाच राहिला. पावसाळ्यात तो बुजे आणि उन्हाळ्यात बंडप्पा तो पुन्हा उकरी. याबद्दल त्या दोघांत कधी बोलणं झालं नाही. सिद्धम्मानंही, जी उभ्या गावाला बोलायची, त्या खड्ड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

लढाई संपली. लोहारा गावचा वीरभद्र पलटणीतून सुटून आला, तो वाट वाकडी करून मुद्दाम जळकोटात उतरला. येताना त्याचा मुक्काम याच बंदरावर पडला होता. लष्करानं धक्क्याजवळच्या एका गुदामात लढाईतल्या वस्तूंचा अजबखाना मांडला होता. विमानाची शेपटं, बाँबची टरफलं, आणि त्या दिवशी ढिगाऱ्यातून निघालेलं बारीकसारीक सामान. “काचेच्या पेटीत लिंगाची डबी बघितली, मावशी,” वीरभद्र म्हणाला. “कुणाची ते म्या कसं सांगू? पर डबी लिंगाचीच हाय.”

दुसऱ्या दिवशी घाण्याचा बैल शेजारच्या शरणबसप्पाच्या गोठ्यात गेला आणि ही दोघं निघाली. सोलापूरला आगगाडी धरली, वाडीला गाडी बदलली, हैदराबाद मागं टाकलं. सिद्धम्मा डब्यातल्या प्रत्येकाशी बोलली. मराठी संपली तेव्हा कानडीत बोलली, कानडी संपली तेव्हा मोडक्या दखनीत. बेजवाड्यापुढं तिच्याजवळच्या भाषा संपल्या, पण बोलणं संपलं नाही. मुलाचं नाव घेऊन ती हातानं विमान दाखवी, आणि समोरच्या तेलगू बायका आपल्या पदरानं डोळे पुसत.

आणि आता हे पाणी बघून तिची वाचाच बसली होती.

बऱ्याच वेळानं ती उठली. लाट येऊन तिच्या पायाला लागली तशी ती दचकून मागं सरली, मग पुन्हा पुढं झाली. ओंजळीत पाणी घेऊन तिनं जिभेला लावलं. खारट. घरातून आणलेल्या भस्माच्या पुडीतलं चिमूटभर तिनं पाण्यावर सोडलं. ते क्षणात दिसेनासं झालं. एवढ्या मोठ्या पाण्याला आपलं चिमूटभर भस्म कळलं तरी असेल का, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं आपण शिपायांना, मास्तरांना, स्वामींना प्रश्न विचारत होतो. ज्यानं पोराला नेलं ते हे एवढं आहे, याची आपल्याला कल्पनाच नव्हती.

अजबखान्याचं दार उघडायला वेळ होता. तिथला हवालदार पंजाबकडचा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. बंडप्पानं त्याला दखनीत येण्याचं कारण सांगितलं. मुलगा इथं गेला, एवढं ऐकल्यावर त्यानं पुढं काही विचारलं नाही. चला, आधी तोफ दाखवतो, म्हणाला आणि टेकडीच्या वाटेला लागला.

टेकडीवरची तोफ अजून समुद्राकडं तोंड करून बसली होती. तोंडाला चामड्याचं टोपण, अंगाला हिरवा रंग. किल्ल्यातल्या जुन्या तोफा दोघांनी पाहिल्या होत्या, पोरं त्यांच्यावर बसून घसरगुंडी खेळत. ही तशी नव्हती. हिच्याजवळ गेल्यावर माणूस आपोआप हळू बोलायला लागे. हवालदारानं एक चाक फिरवलं, आणि ते एवढं अजस्र धूड आवाज न करता वळलं. बंडप्पा थक्क झाला. त्याच्या घाण्याचं लाकूड अर्ध्या कोसावर ऐकू जायचं. तेल कुठं घालतात, असं त्यानं विचारलं. हवालदारानं जागा दाखवल्या. बंडप्पानं एका जागेवर बोट टेकवलं, वास घेतला, आणि मान हलवली. सोमलिंगाचा हात नेमका कशावरून फिरत होता ते त्याला आज कळलं.

सिद्धम्मानं मात्र वेगळंच विचारलं. “ह्यातला गोळा जिथं पडतो, तिथला मानूस हितनं दिसतो का?”

बंडप्पानं ते दखनीत सांगितलं. नाही दिसत, हवालदार म्हणाला, फार लांब असतो. मग विमानातनंही खालचा माणूस दिसला नसेल, असं सिद्धम्मा स्वतःशीच पुटपुटली. ती बराच वेळ त्या तोफेकडं पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माणसानं एवढं मोठं काही बनवावं आणि ते यासाठी बनवावं, हे तिच्या डोक्यात मावत नव्हतं.

मग ती तिघं गुदामाकडं आली.

आत गेल्यावर आधी दिसलं ते विमानाचं शेपूट. ते छताला साखळदंडानं टांगलेलं होतं आणि त्याच्यावर तांबडा गोल तसाच ताजा होता. खाली ओळीनं बाँबची टरफलं, काही रांजणाएवढी. भिंतीशी शिपायांचे लोखंडी टोप रचलेले, त्यांतला एक मधोमध दुमडलेला. पुढं टेबलांवर लहान वस्तू होत्या. चपटी झालेली किटली, एक बूट, जपमाळ, वाजवायच्या पेटीच्या चार पट्ट्या. कुणीतरी तिथं संध्याकाळी गात असणार. सिद्धम्मा प्रत्येक वस्तूपुढं थांबत होती. विमानाच्या शेपटापुढं ती जितकी थांबली नव्हती तितकी त्या बुटापुढं थांबली.

शेवटी काचेची पेटी आली. हवालदारानं बोट दाखवलं आणि म्हणाला, “ये चूने की डिबिया है, माई. पान खाता होगा कोई बेचारा.”

डबी चांदीची होती, काळी पडलेली. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, वरच्या बाजूला दोरा ओवायच्या कड्या. खाली कर्नाटकात घालतात तशी. सोमलिंगाची डबी सोलापूरच्या सोनारानं घडवलेली होती, लिंबासारखी गोल. तशीच एक या घटकेला बंडप्पाच्या छातीवर होती.

सिद्धम्मानं एकदाच पाहिलं आणि ती खालीच बसली. आगगाडीतलं बोलणं, चार वर्षांचं विचारणं, सगळं तिच्या अंगातून एकदम निघून गेलं. “आपली न्हाय,” ती म्हणाली. “आपली न्हाय वो.”

बंडप्पा तिच्या शेजारी उकिडवा बसला. तो बोलायला सावकाश माणूस. काचेकडं पाहत, बोटांनी आपल्या सदऱ्यावरून छातीवरची डबी चाचपत तो बसून राहिला. मग त्याचा हात थांबला.

“आगं,” तो म्हणाला, “समद्यांचं काढून घेत असते तर ही हितं कशी आली असती? ह्या पोरानं घातलीच हुती की. म्हंजी घालू देत हुते. आन् ढिगाऱ्यात हीच घावली, आपली घावली न्हाय. म्हंजी आपल्याची त्याच्यापाशीच हाय.”

सिद्धम्मानं वर पाहिलं.

“त्याच्या छातीवरच हाय,” बंडप्पा म्हणाला. “तसाच गेला त्यो. लिंगासकट.”

तिनं पदर तोंडावर घेतला. ती हसत होती की रडत होती ते हवालदाराला कळेना. तो बिचारा पाणी आणायला धावला. चार वर्षांत पहिल्यांदा तिला असं वाटलं की आपलं पोर हरवलेलं नाही. ते त्या अफाट पाण्यात आहे, आणि शिव त्याच्या छातीशी आहे. मग पाणी कितीही खोल असो. सकाळी ज्या समुद्राची तिला भीती वाटली होती, त्याच्याबद्दल आता तिला काहीतरी वेगळंच वाटलं. एवढी मोठी समाधी जळकोटात कुणाला मिळाली होती?

पाणी पिऊन ती उठली. बंडप्पाला वाटलं, आता निघायचं. पण ती पुन्हा काचेपाशी गेली. डबीखाली कागदाची चिठ्ठी चिकटवली होती. डबीच्या एका बाजूला जपमाळ, दुसऱ्या बाजूला मोडकी कात्री.

“मग ह्यो कोन?” ती म्हणाली.

बंडप्पानं काचेवर वाकून पाहिलं.

“ह्याचा देह कुठं गेला कुनाला ठावं. लिंग हितं चुन्याची डबी म्हनून पडलंय. चार वर्सं. पानी न्हाय, भस्म न्हाय, बेल न्हाय. आन् ह्याची आय आसंल की कुठंतरी, माझ्यावानी इचारीत.” तिचा आवाज खाली आला. “ह्याला हितं ठिवून म्या जानार न्हाय.”

“आपलं न्हाय ना ते,” बंडप्पा म्हणाला.

“मला कळतंय. तुमी गप ऱ्हावा.”

मग ती हवालदाराकडं वळली आणि ही डबी माझ्या मुलाची आहे असं तिनं सरळ सांगून टाकलं. हवालदार दोघांना साहेबाच्या खोलीत घेऊन गेला. साहेब तरुण होता, मद्रासकडचा. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि डबीत काय आहे ते विचारलं. चुना नाही, सिद्धम्मा म्हणाली, आत आमचा देव आहे, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, काळा. डबी आणवली गेली. झाकण खाऱ्या हवेनं घट्ट बसलं होतं. साहेब चाकू काढायला लागला तेव्हा तिनं हात आडवा धरला. परक्याचा हात लागायचा नव्हता. बंडप्पानं हात धुतले, हवालदारानं तोफेच्या तेलाची कुपी दिली, आणि बंडप्पानं कडेनं थेंब थेंब सोडून, अंगठ्यानं दाबत दाबत झाकण सैल केलं. आत कापड पिवळं झालेलं होतं. कापडात काळंभोर, गुळगुळीत लिंग होतं. दोघांनी आपोआप माना लववल्या. साहेब उठून उभा राहिला.

पण साहेब हुशार होता. त्यानं सिद्धम्माला सोडलं आणि बंडप्पाकडं पाहिलं. बंडप्पाच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असायचं. गावात कुणी भांडलं तर साक्षीला त्यालाच नेत, कारण त्याला खोटं बोलता येत नाही हे दोन्ही बाजूंना मान्य असे. ही तुमच्या मुलाची आहे का, असं साहेबानं त्यालाच विचारलं.

सिद्धम्मानं डोळे मिटून घेतले.

बंडप्पानं हातातल्या लिंगाकडं पाहिलं. कापडाची घडी पुन्हा नीट केली. “हमारे बच्चे की है, साब,” तो म्हणाला.

परतीच्या गाडीत सिद्धम्मा फारशी बोलली नाही. डबी पदरात बांधून, पदर छातीशी धरून बसून होती.  वाडीला गाडी बदलताना बंडप्पानं सुस्कारा टाकला आणि जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो, ते पण सरकारी साहेबाशी, असं म्हणाला.

“खोटं कसलं?” सिद्धम्मा म्हणाली. “त्याची मान्सं घावस्तवर आपलाच की त्यो.”

गावात दोघं परतल्याची बातमी त्यांच्या आधी पोचली होती. सोमलिंगाचं लिंग मिळालं म्हणून लोक गोळा झाले. बंडप्पानं खड्डा साफ केला, आतल्या भिंतीतला बसायचा कोनाडा पुन्हा कोरला. मठातून स्वामी आले. भस्माची टोपली आली, बेलाची पानं आली. बायका सिद्धम्माला समुद्र कसा असतो विचारत होत्या आणि ती नुसती हात पसरून दाखवत होती.

स्वामींनी मंत्र सुरू केला. बंडप्पा आणि सिद्धम्मा यांचा पुत्र सोमलिंग, असं ते म्हणाले तोच सिद्धम्मानं त्यांना थांबवलं.

“स्वामी, हे सोमलिंगाचं न्हाय. त्याचं त्याच्यापाशी हाय. हे दुसऱ्याचं हाय.”

जमलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. सिद्धम्मानं सगळं सांगितलं, काचेची पेटी, चुना, साहेब, नवऱ्याचं खोटं बोलणंसुद्धा. साहेबापुढं ती खोटं बोलली होती, पण स्वामींपुढं तिला ते जमेना. शरणबसप्पा कुरकुरला. कोण कुठला पोरगा, कुठल्या मठाचा, कुठल्या घराण्याचा, त्याचं आपल्या मातीत कशाला? दोघातिघांनी माना हलवल्या. स्वामींनी डबी हातात घेतली, तिची निमुळती टोकं न्याहाळली.

“नाव काय याचं?”

“ठावं न्हाय,” सिद्धम्मा म्हणाली. “आयच्या जागी माझं घ्या.”

 स्वामींनी शरणबसप्पाला टोपली पुढं आणायला सांगितली, आणि शरणबसप्पानं मुकाट्यानं ती आणली.

पुढं एक अडचण आली. रीतीप्रमाणं माणसाला कोनाड्यात बसवतात, त्याचा डावा तळहात समोर धरतात आणि त्यावर लिंग ठेवतात. लिंग जमिनीवर ठेवत नाहीत. स्वामी लिंग घेऊन खड्ड्यात उतरले आणि रिकाम्या कोनाड्यापुढं थबकले. ठेवायचं कुठं? त्यांनाही सुचेना. वर उभी असलेली माणसं वाकून बघत होती.

सिद्धम्मा बंडप्पाच्या खांद्याला धरून खाली उतरली. कोनाड्याशी गुडघे टेकून बसली आणि तिनं आपला डावा हात आत घातला, तळवा वर करून.

“ह्यावर ठिवा,” ती म्हणाली.

स्वामींनी लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. त्यांचा मंत्र सुरू झाला. बंडप्पा ओंजळी भरभरून भस्म सोडत होता. आधी तिची बोटं झाकली गेली, मग लिंग, मग मनगटातल्या बांगड्या. तिचा हात हलला नाही.  शरणबसप्पानं पागोटं काढून काखेत धरलं होतं.

मंत्र संपला तेव्हा स्वामी हळूच म्हणाले, “आता हात काढ, माय.”

तिनं लगेच काढला नाही. झोपलेल्या लेकराच्या मानेखालून हात काढावा तसा तिनं तो आतल्या आत, सावकाश वळवला आणि मग बाहेर घेतला. कोपरापर्यंत पांढरा झालेला हात तिनं मांडीवर ठेवला. तो तिनं झटकला नाही, पदरालाही पुसला नाही.

बंडप्पानं फावडं घेतलं आणि तो माती लोटायला लागला.